जोडधंद्याला गिऱ्हाईक मिळत नसेल तर तो बंद करावा का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात मांजलपूरला राहणारे आपले कुटुंब गेली दोन वर्षे घरी गोडा मसाला आणि थालीपिठाची भाजणी तयार करून विकते. प्रमाण आईंचे, निवडणे-भाजणे-दळणे आई आणि आपल्या पत्नी यांच्याकडे, आणि पाकिटे भरून घरोघरी पोहोचवणे, मकरपुऱ्यातील नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी आपल्याकडे. सुरुवातीला मसाला दळण्याचा पल्व्हरायझर, पाकिटे सील करण्याचे यंत्र आणि लेबलांची छपाई यांत सुमारे ६५,००० रुपये गेले. व्हॉट्सॲपच्या यादीत दीडशे नावे आहेत, परंतु महिन्याला मसाल्याची २५ आणि भाजणीची ३० पाकिटे यापुढे विक्री सरकत नाही. दिवाळीपूर्वीच्या प्रदर्शनात दोन दिवसांत सगळा माल संपला, पण त्यातले कोणी नंतर फिरकले नाही. महिन्याला दहा हजार रुपये सुटावेत एवढीच अपेक्षा होती. आता पत्नी म्हणतात की हे थांबवावे, आई म्हणतात की आणखी एक वर्ष पाहावे, आणि आपण दोघींच्या मध्ये आहात.

रावपुऱ्यात बसून लहान व घरगुती उद्योगांचे हिशेब आणि कर पाहण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आहे. नोकरी सांभाळून चालवलेले उद्योग त्यांत पुष्कळ असतात आणि हा प्रश्न दर दिवाळीनंतर कोणी ना कोणी घेऊन येतेच. माझ्या मते ‘गिऱ्हाईक मिळत नाही’ या तक्रारीत दोन अगदी वेगळ्या परिस्थिती एकत्र मिसळलेल्या असतात. एकीत माल घेतलेला माणूस स्वतःहून पुन्हा मागतो, मात्र अशी माणसे थोडी असतात. दुसरीत माल पुष्कळांपर्यंत पोहोचलेला असतो, पण एकदा घेतल्यावर कोणी परतत नाही. पहिल्या परिस्थितीत उद्योगात जीव आहे आणि तो पोहोचवण्याची रीत बदलावी लागेल. दुसऱ्या परिस्थितीत कितीही जाहिरात केली तरी पैसा आणि श्रम वाया जाणार. आपण यांपैकी कोठे आहात हे आपल्या लिहिण्यावरून कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय ‘बंद करा’ किंवा ‘चालू ठेवा’ असे सांगणे बेजबाबदारपणाचे होईल. मात्र ते शोधण्याचे साधन आपल्याच घरात आहे.

ऑर्डरची वही काढा. वही नसेल तर दोन वर्षांचा बँकेचा उतारा घ्या. बहुतेकांनी यूपीआयने पैसे दिले असतील, त्यामुळे नावे आणि तारखा त्यात मिळतील. एका कागदावर प्रत्येक ग्राहकाचे नाव आणि त्यापुढे त्याने माल घेतल्याच्या सर्व तारखा लिहा. नंतर नातेवाईक, कार्यालयातील सहकारी आणि सोसायटीतील ज्यांना ‘नाही’ म्हणणे अवघड जाते अशी मंडळी, या सर्वांच्या नावांवर रेघ मारा. त्यांनी प्रेमाने घेतले, त्याबद्दल ऋणी असावे, पण उद्योगाचा निर्णय त्यांच्या खरेदीवर बेतता येत नाही. उरलेल्या नावांपैकी ज्यांनी आपण संदेश न पाठवता स्वतः फोन करून दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा माल मागवला, त्यांच्याभोवती वर्तुळ करा. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या वर्तुळांत आहे.

कारेलीबागेतील एका बाईंचा फराळाचा उद्योग असाच बंद होण्याच्या बेतात होता. आम्ही त्यांची यादी अशीच तपासली तेव्हा रेघा मारल्यावर वीसच्या आसपास नावे उरली, पण त्यांतली बहुतेक दर सणाला परत आलेली होती आणि काहींनी तर पुढची नावेही आणून दिली होती. त्या बाईंनी प्रदर्शनांचे स्टॉल आणि जाहिरातीची पत्रके यांवरचा खर्च पूर्ण थांबवला आणि त्या वीस घरांनाच विचारून पुढची घरे जोडली. याउलट घाण्याचे शेंगदाणा तेल विकणाऱ्या एका तरुणाच्या यादीत नावे भरपूर होती, परंतु जवळपास प्रत्येकाची पहिली खरेदी सवलतीच्या आठवड्यातली होती आणि दुसरी खरेदीच नव्हती. त्यांना मी उद्योग आवरण्याचा सल्ला दिला आणि त्यांनी तो मानला. दोघेही तितकेच मेहनती होते, दोघांचाही माल चांगला होता.

यादी वाचताना एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते, आणि मसाल्याच्या बाबतीत ती फार महत्त्वाची आहे. ग्राहक परतला की नाही हे ठरवण्यापूर्वी तो कधी परतायला हवा होता हे ठाऊक असले पाहिजे. रोज आमटी-उसळीला चमचाभर मसाला लागणाऱ्या चार माणसांच्या घरात पाव किलोचे पाकीट साधारण दोन महिने पुरते. भाजणी अर्धा किलो असली तरी दोन-तीन नाश्त्यांत संपते. त्यामुळे मसाल्याचे गिऱ्हाईक पाच आठवडे आले नाही तर ते तुटले असे समजू नये, पण भाजणीचे गिऱ्हाईक तीन महिने आले नाही तर समजायला हरकत नाही. शिवाय आपण गुजरातेत आहोत. येथे मार्च ते मे या काळात घरोघरी मिरची, हळद आणि धणे-जिरे वर्षभराचे भरून ठेवतात आणि त्यासाठी रस्त्याच्या कडेला मसाल्याचे मंडप उभे राहतात. ज्या घराने उन्हाळ्यात डबे भरले ते घर जुलै महिन्यात मसाल्याचा विचारच करीत नाही. बडोद्यातील मराठी घरांनीही ही चाल उचलली आहे, म्हणून पावसाळ्यातील मंदी पाहून घाबरण्यात अर्थ नाही, आणि उन्हाळ्यातील तेजी पाहून यंत्र वाढवण्यातही नाही.

येथेच दुसरी गोष्टही सांगतो. गायकवाडांच्या काळापासून स्थायिक झालेली मराठी कुटुंबे दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर या भागांत पुष्कळ आहेत, म्हणून आपला ग्राहकवर्ग मोठा आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या अनेक घरांत रोजची डाळ आता गुजराती पद्धतीची होते आणि गोडा मसाला सणावारी, अळूच्या भाजीला किंवा मसालेभातापुरता निघतो. आडनावांची संख्या ही गिऱ्हाइकांची संख्या नव्हे. ज्या घरात आमटी रोज शिजते ते आपले घर, आणि अशी घरे ओळखीतूनच सापडतात.

आता हिशेबाकडे वळतो. आपण दिलेल्या आकड्यांवरून मी तो मांडला आहे, कारण माझ्या अनुभवात बहुतेकांचा गोंधळ येथेच होतो: दोन वस्तूंचा हिशेब एकत्र ठेवल्यामुळे कोणती वस्तू घर चालवते आणि कोणती केवळ दमवते हे दिसत नाही. मसाल्याचे पाव किलोचे पाकीट आपण २२० रुपयांना विकता. त्यात सामान ११२, पाकीट आणि लेबल १६, पोहोचवण्याचा खर्च १४. म्हणजे ७८ रुपये सुटतात. भाजणीचे अर्ध्या किलोचे पाकीट ९० रुपयांचे. त्यात धान्य, गॅस आणि दळण मिळून ५२, पाकीट १६, पोहोचवणे १४. म्हणजे ८ रुपये सुटतात. महिन्याला मसाल्यातून १,९५० आणि भाजणीतून २४०, एकूण २,१९० रुपये.

त्यासाठी घरातील सर्वांचे मिळून महिन्याला ४५ तास जातात असे आपण लिहिले आहे, म्हणजे तासाला ४९ रुपयेसुद्धा पडत नाहीत. पण आणखी जवळून पाहा. भाजणीसाठी तांदूळ, बाजरी, ज्वारी, हरभरा डाळ, उडीद, धणे-जिरे हे सगळे निवडून वेगवेगळे भाजावे लागते, कारण प्रत्येकाला लागणारी आच आणि वेळ वेगळी, आणि मग थंड करून गिरणीत न्यावे लागते. हे २० तासांचे काम आहे आणि त्याची मिळकत २४० रुपये, म्हणजे तासाला १२ रुपये. मसाल्याच्या २५ तासांना मात्र तासाला ७८ रुपये मिळतात. आपल्या पत्नी थकल्या आहेत, आणि त्या मसाल्यापेक्षा भाजणीने थकल्या असाव्यात असे मला वाटते. त्यांना जरूर विचारा.

भाजणी १२० रुपयांना करा. आपल्याला भीती वाटेल की गिऱ्हाईक तुटेल. समजा निम्मे तुटले आणि १५ पाकिटेच खपली, तर प्रत्येकी ३८ रुपयांप्रमाणे ५७० रुपये सुटतील आणि श्रमही जवळपास निम्मे होतील. १२० रुपयांना कोणीच घेतली नाही, तर तेही एक स्पष्ट उत्तर आहे: लोकांना आपली भाजणी स्वस्त होती म्हणून हवी होती. असे झाल्यास भाजणी बंद करावी आणि त्याबद्दल मनात काही ठेवू नये. घरगुती वस्तूचा भाव लावताना बायकांच्या श्रमाची किंमत शून्य धरण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. माझ्यापुढे येणाऱ्या उद्योगांपैकी कितीतरी त्याच एका सवयीपायी बुडतात. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण वहीत नफा दिसतो आणि घरातली बाई मात्र दर महिन्याला खंगत जाते.

दहा हजारांच्या अपेक्षेकडे येऊ. केवळ मसाल्याच्या पाकिटांवर ते मिळवायचे तर महिन्याला सुमारे १२८ पाकिटे विकावी लागतील, आणि एक घर दोन महिन्यांनी एक पाकीट घेत असेल तर त्यासाठी २५६ नियमित घरे हवीत. माल ३२ किलो होईल. हा आकडा घरात सर्वांनी मिळून पाहणे आवश्यक आहे, कारण आजवर आपण ‘थोडे आणखी ग्राहक’ असे म्हणत होता आणि प्रत्यक्षात उद्योगाचा आकार पाचपट करण्याची गोष्ट होती. ते अशक्य आहे असे मी म्हणत नाही. पण घरोघरी एकेक पाकीट घेऊन जाण्याच्या रीतीने ते शक्य दिसत नाही. गोत्री, समा आणि मांजलपूर ही तीन टोके एका रविवारी गाठायची म्हणजे रविवार संपलाच.

म्हणून दुसऱ्या प्रकारचा ग्राहक पडताळून पाहावा असे मी सुचवेन. लग्ना-मुंजीचा मराठी स्वयंपाक करणारे केटरर आणि डबे देणाऱ्या बाया मसाला किलोंत घेतात. त्यांना भाव उतरून द्यावा लागेल. समजा किलोला ६०० रुपये ठरले, तर ४४८ रुपयांचे सामान आणि साधी पिशवी वजा जाता १४० रुपये सुटतील, पाकिटांतून सुटणाऱ्या रकमेच्या निम्म्याहून कमी. पण पाच किलोंची एक ऑर्डर ७०० रुपये देते, म्हणजे नऊ घरी नऊ पाकिटे पोहोचवल्याइतके, आणि फेरी एकच. महिन्याला असा २० किलो माल गेला तर २,८०० रुपये झाले, भाजणीचे ५७० धरले, तर उरलेल्या रकमेसाठी १७० घरे पुरतात. तरीही आकडा मोठाच आहे, परंतु आवाक्यात येऊ लागतो. एवढी काळजी घ्या की या मंडळींकडे उधारी ठेवू नका. लग्नाचा हंगाम संपल्यावर उधारी वसूल करण्यात गेलेले महिने मी अनेकांचे पाहिले आहेत, आणि आपल्यासारख्या छोट्या उद्योगाचे भांडवल एका अडकलेल्या बिलातही संपू शकते.

प्रदर्शनाविषयी आपण विचारले आहे की लोक नंतर का आले नाहीत. पाकिटावर फोन नंबर होता का? बंद पाकिटातील मालावर वजन, किंमत, तयार केल्याचा महिना, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे २०११ च्या वैधमापन (वजन-मापांच्या) नियमांनुसार आवश्यक आहे, आणि खाद्यपदार्थावर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा अंकी क्रमांकही लागतो. घाईत केलेल्या मालाच्या पाकिटांवर यांतले काही राहून गेले असेल, तर ज्या बाईंना आपला मसाला आवडला त्यांना आपल्यापर्यंत येण्याचा मार्गच नव्हता, आणि अशा वेळी त्या न येण्यावरून मालाची परीक्षा करता येणार नाही. पुढच्या खेपेला लेबल मोठे करा. पोहोचवण्याचा खर्च कमी करण्यासाठी दांडिया बाजारातील एखाद्या ओळखीच्या दुकानात पाकिटे ठेवून, ती ग्राहकांनी ठरावीक वारी तेथून न्यावीत, असेही करून पाहता येईल.

आता मुदतीबद्दल. आई म्हणतात एक वर्ष, पत्नी म्हणतात आजच. मी सहा महिने सुचवतो, आणि हा आकडा मधला म्हणून निवडलेला नाही. पाव किलोचे पाकीट दोन महिने पुरते, त्यामुळे नवे घर तीनदा परतते की नाही हे कळायला सहा महिने लागतात. त्याहून कमी काळात पुरावा जमणार नाही आणि त्याहून जास्त काळ नुसती आशा लागेल. मुदत संपताना काय दिसले तर चालू ठेवायचे, हे मात्र आजच कागदावर लिहून तिघांनी सही करावी. उदाहरणार्थ, नात्या-ओळखीबाहेरची साठ घरे स्वतःहून दुसऱ्यांदा आली आणि दोन केटरर रोख पैसे देऊन नियमित माल घेऊ लागले, तर पुढे जावे. त्याच्या निम्म्यावरही पोहोचलो नाही तर थांबावे. आकडे आपण आपल्या परिस्थितीप्रमाणे बदलावेत, पण मुदतीच्या शेवटी बदलू नयेत. या सहा महिन्यांत नवे यंत्र, नवी वस्तू किंवा कर्ज घेऊ नये.

पत्नींनी सहा महिनेही नको म्हटले तर? मग माझा सल्ला बदलतो. काम करणाऱ्या दोघींपैकी एकीची इच्छा नसताना चाललेला घरगुती उद्योग मी टिकलेला पाहिलेला नाही. अशा वेळी वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात मसाला आणि दिवाळीला चकलीची भाजणी, आगाऊ ऑर्डर आणि आगाऊ पैसे घेऊन तेवढेच करावे. दहा हजारांची अपेक्षा त्यातून पूर्ण होणार नाही, पण आईंचे प्रमाण लोकांच्या स्वयंपाकघरात जात राहील आणि शनिवार-रविवार घराला परत मिळतील. आईंशी बोलताना हे लक्षात ठेवावे की त्यांना बहुधा महिन्याच्या २,१९० रुपयांची चिंता नाही. आपल्या हाताची चव कोणाला नको झाली, असे ऐकू येण्याची त्यांना भीती आहे. ग्राहकांच्या यादीतील वर्तुळे त्यांना दाखवा. परत आलेली दहा घरे असली तरी ती त्यांच्या चवीमुळेच आली आहेत.

६५,००० रुपयांबाबत थोडे स्पष्ट सांगतो. ते पैसे गेले आहेत, आणि उद्योग चालू ठेवल्याने किंवा बंद केल्याने ते परत येणार नाहीत. आज विचारात घेण्याजोगी रक्कम एकच: पल्व्हरायझर आणि सीलिंगचे यंत्र आज विकले तर काय मिळेल. हाथीखान्यात मसाला दळणाऱ्यांकडे चौकशी करून तो भाव काढा आणि स्वतःला विचारा की तेवढी रक्कम आज हातात असती, तर या उद्योगात ती पुन्हा घातली असती का.

कागदपत्रांत आपल्याकडे गुंतागुंत कमी आहे. जीएसटी क्रमांक आपण घेतला नाही हे योग्यच झाले, कारण राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत तो लागत नाही. मात्र पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या लोकांना कुरियरने मसाला विकण्याची जी कल्पना आपण लिहिली आहे, तो आंतरराज्य पुरवठा होतो आणि त्यासाठी उलाढाल कितीही थोडी असली तरी नोंदणी करावी लागते. एकदा नोंदणी केली की विक्री शून्य असली तरीही विवरणपत्र भरावे लागते आणि उशीर झाला तर दर दिवसाप्रमाणे विलंब शुल्क लागते. क्रमांक रद्द केल्यावरही तीन महिन्यांच्या आत अंतिम विवरणपत्र द्यावे लागते, जे पुष्कळजण विसरतात. म्हणून या सहा महिन्यांत तो मार्ग धरू नये. उद्योगातून सुटणारी रक्कम मात्र प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवा. पुढे कधी तोटा झाला तर तो पगारातून वजा होत नाही, पण विवरणपत्र मुदतीत भरले असल्यास पुढील आठ वर्षांच्या व्यवसायाच्या नफ्यातून वजा करता येतो. आपल्या नेमणूकपत्रात इतर व्यवसायाबद्दल काय अट आहे तेही एकदा वाचून घ्यावे.

बंद करायचे ठरल्यास हातातील सामान संपेल एवढीच शेवटची खेप करा, नियमित ग्राहकांना महिनाभर आधी कळवा, आगाऊ घेतलेले पैसे परत करा आणि एफएसएसएआयची नोंदणी त्यांच्या पोर्टलवरून परत करा. पल्व्हरायझर विकायचा झाला तर फेब्रुवारीत विका, कारण मसाल्याच्या हंगामापूर्वी त्याला गिऱ्हाईक लवकर मिळते आणि भावही बरा येतो.